बॉस्टनहून लिस्बन, एप्रिलची सुट्टी: आधी व्हिसा की आधी तिकीट?

केतकीपान
नमस्कार मंडळी. मॅसॅच्युसेट्समधील शाळांना एप्रिलमध्ये पेट्रियट्स डेच्या आठवड्यात जी सुट्टी असते, तिच्यात आम्ही तिघांनी लिस्बनला जाऊन यावे असा विचार आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असून दोघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत. मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याचा पासपोर्ट अमेरिकी आहे. बॉस्टनहून थेट विमान मिळते, प्रवास साडेसहा-सात तासांत आटोपतो आणि पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमच्या मानाने मुक्कामाचा खर्च आटोक्यात राहतो, म्हणून लिस्बन निवडले आहे. विमान, मुक्काम, खाणेपिणे आणि व्हिसा असे सगळे धरून ४००० डॉलरांच्या आत बसवायचे आहे. अडचण अशी की आज जे तिकीट परवडणारे दिसते आहे त्याचे पैसे परत मिळत नाहीत, आणि व्हिसा मिळेल की नाही, मिळाला तर वेळेत मिळेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी कोणते पाऊल आधी टाकावे? शिवाय सासू-सासरे पुण्याहून एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे यायचे आहेत, त्यांनाही या सहलीत सामील करून घेता येईल का, हेही कोणी सांगू शकल्यास बरे होईल.

उत्तरवारा
तिकीट आणि शेंगेन व्हिसा (पोर्तुगालसह युरोपातील बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) या दोहोंच्या आधी एक गोष्ट तपासा. तुम्हा दोघांच्या पासपोर्टवरील अमेरिकी व्हिसाचा स्टॅम्प परतीच्या तारखेला मुदतीत असेल ना? आय-७९७, म्हणजे व्हिसाच्या दर्जाला मंजुरी मिळाल्याचा कागद, मुदतीत आहे एवढ्यावर अनेक जण निर्धास्त राहतात, परंतु तो कागद अमेरिकेत राहण्यापुरता उपयोगी आहे. बाहेर जाऊन पुन्हा आत येताना वैध स्टॅम्पच लागतो. स्टॅम्प संपलेला असतानाही ३० दिवसांच्या आत परत येऊ देण्याची जी सवलत आहे, ती तुमच्या प्रकारच्या व्हिसासाठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या प्रवासापुरती आहे, युरोपला ती लागू होत नाही. स्टॅम्प संपला असेल तर लिस्बनहून थेट बॉस्टनला परत येता येणार नाही, आधी व्हिसासाठी भारताची वाट धरावी लागेल; मग स्वस्त तिकिटाचा विचार करण्यात अर्थ उरत नाही.

केतकीपान
धन्यवाद, उत्तरवारा. दोघांचेही स्टॅम्प पुढल्या वर्षाच्या अखेरपर्यंत वैध आहेत, त्यामुळे ती काळजी नाही. मुलाला शेंगेन व्हिसा लागणार नाही हे मला ठाऊक आहे, परंतु अमेरिकी नागरिकांसाठी काही नवी ऑनलाइन परवानगी येणार असे ऐकले, ती त्याला लागेल का?

पाऊलवाट
ती परवानगी म्हणजे ईटीआयएस. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू करण्याचे युरोपीय संघाने जाहीर केले असून शुल्क २० युरो ठेवले आहे. १८ वर्षांखालील मुलांना शुल्क माफ आहे, मात्र परवानगी घ्यावीच लागते. ज्यांना व्हिसा लागतो त्यांचा, म्हणजे तुम्हा दोघांचा, ईटीआयएसशी संबंध नाही. प्रवासापूर्वी संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या आणि मध्यस्थांच्या संकेतस्थळांवर पैसे भरू नका, कारण नाव आणि रंगरूप सारखे ठेवून जादा शुल्क उकळणारी बरीच पाने आधीपासूनच उभी राहिली आहेत.

आता मुख्य विषय. तुमचा मुक्काम फक्त लिस्बनला असल्यामुळे व्हिसा पोर्तुगालचाच मागायचा. एकाहून अधिक देश असतील तर जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाचा, आणि दिवस समान असतील तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्या देशाचा, असा नियम आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयासाठी नेहमीची मुदत १५ दिवसांची असली तरी काही प्रकरणांत ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या कंपनीचे सेवाशुल्क वेगळे, आणि अर्ज नामंजूर झाल्यास यांतले काहीही परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असावे लागते आणि त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला असला पाहिजे. असा विमा फार महाग पडत नाही, परंतु तुमच्या क्रेडिट कार्डावरील विमा यासाठी चालेलच असे गृहीत धरू नका.

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नियमातच आहे. शेंगेनच्या व्हिसा संहितेत प्रवासाच्या कागदपत्रांमध्ये परतीच्या प्रवासाचे «आरक्षण» किंवा तिकीट असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत, पूर्ण पैसे भरलेलेच तिकीट हवे अशी सक्ती संहितेत नाही. मुक्कामासाठी विनाशुल्क रद्द करता येणारे बुकिंग चालते. त्यामुळे माझ्या मते क्रम असा असावा: सर्वांत आधी व्हीएफएसची अपॉइंटमेंट, कारण खरी टंचाई तिचीच असते आणि एप्रिलच्या सुट्टीसाठी बहुतेक सर्वांनाच जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख हवी असते, त्यानंतर रद्द करता येणारे आरक्षण, आणि व्हिसा हाती आल्यावर मुख्य तिकीट.

हिशेबनीस
पाऊलवाट यांच्या क्रमाशी मी सहमत आहे, फक्त शेवटच्या पायरीबाबत थोडे वेगळे मत मांडतो. शाळेच्या सुट्टीच्या आठवड्यातली तिकिटे शेवटच्या दोन महिन्यांत सहसा स्वस्त होत नाहीत, उलट वर चढतात. म्हणून व्हिसा येईपर्यंत स्वस्थ बसण्यापेक्षा आज असे तिकीट घ्यावे ज्यातून माघार घेता येईल. त्याचे तीन मार्ग मला दिसतात.

पहिला मार्ग पॉइंट्सचा. क्रेडिट कार्डाचे किंवा विमान कंपनीचे पॉइंट्स साठलेले असतील तर ते इथेच वापरावेत, कारण युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही कंपन्यांमध्ये अमेरिकेतून निघणारे पॉइंट्सवरचे तिकीट एरवी कोणत्याही दंडाशिवाय रद्द करता येते आणि पॉइंट्स खात्यात परत येतात (सर्वांत खालच्या श्रेणीच्या अटी तेवढ्या पाहाव्यात). व्हिसाची टांगती तलवार असणाऱ्यांसाठी याहून सोयीचे काही नाही. दुसरा मार्ग म्हणजे बेसिक, म्हणजे सर्वांत खालची श्रेणी, सोडून तिच्या वरच्या श्रेणीचे तिकीट घेणे. अमेरिकी कंपन्यांनी २०२० पासून अशा तिकिटांवरचा बदलाचा दंड काढून टाकला आहे. पैसे रोख परत मिळत नाहीत, परंतु त्याच कंपनीत पुढे वापरण्यासाठी शिल्लक राहतात. युरोपीय कंपन्यांच्या अटी मात्र श्रेणीगणिक वेगळ्या असतात, तेव्हा «बदलता येते» आणि «परत मिळते» या दोन ओळी वेगवेगळ्या वाचाव्यात. तिसरा मार्ग पूर्ण परतावा असलेल्या तिकिटाचा, जो बहुतेक वेळा इतका महाग असतो की तुमच्या अंदाजपत्रकात बसणार नाही.

अमेरिकी परिवहन खात्याच्या नियमानुसार, प्रवासाला सात किंवा अधिक दिवस बाकी असताना थेट विमान कंपनीकडून तिकीट घेतले तर कंपनीने एक तर २४ तास भाव राखून ठेवावा किंवा २४ तासांच्या आत दंडाविना रद्द करू द्यावे लागते. व्हिसासाठी २४ तास पुरत नाहीत हे उघड आहे, पण घाईघाईत घेतलेल्या तिकिटाच्या अटी रात्री शांतपणे वाचण्यासाठी ते पुरतात. ही सक्ती मध्यस्थ संकेतस्थळांवर नाही, आणि वीस-तीस डॉलर वाचवण्यासाठी तिकीट मध्यस्थाकडून घेऊ नये असे मी म्हणतो त्याचे एक कारण हेच आहे. दुसरे कारण असे की विमान रद्द झाले की कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ कंपनीकडे.

आता भावाकडे पाहताना एक काळजी घ्या. गुगल फ्लाइट्सवर जो आकडा प्रथम दिसतो तो बहुधा सर्वांत खालच्या श्रेणीचा असतो. अटलांटिकपारच्या बहुतेक विमानांवर या श्रेणीत चेक-इन बॅग धरलेली नसते, आसन निवडायचे तर वेगळे पैसे पडतात, आणि युरोपीय कंपन्या केबिनमधली बॅगही वजन करून घेतात; आठ किलोची मर्यादा सर्रास आढळते. सात वर्षांचे मूल बरोबर असताना तिघांची आसने तीन टोकांना येणे तुम्हाला परवडणार नाही. म्हणून तिघांचे मूळ भाडे, जाता-येता मिळून एक चेक-इन बॅग आणि तिघांची आसने अशी बेरीज कागदावर मांडा आणि ती वरच्या श्रेणीच्या तिघांच्या भाड्याशी ताडून पाहा. अशी बेरीज केल्यावर «स्वस्त» तिकीट महाग ठरल्याची उदाहरणे मी वारंवार पाहिली आहेत.

सागवान
मला वाटते आपण भाड्याच्या मुळाशी जात नाही आहोत. सुट्टीचा आठवडाच टाळला तर? ऑक्टोबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगच्या आधीपर्यंत आणि जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हीच विमाने बरीच स्वस्त असतात. तारीख हलवता येत नसेल तर न्यूयॉर्क किंवा न्यूअर्कहून भाव पाहा, तिथे स्पर्धा अधिक असते. तिसरा पर्याय आइसलँडएअरचा. तिकिटाच्या भाड्यात वाढ न होता रेक्याविकला सात दिवसांपर्यंत थांबता येते, म्हणजे एका तिकिटात दोन शहरे पदरात पडतात.

हिशेबनीस
सागवान, हंगामाबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, परंतु शाळकरी मूल असलेल्या घराला ते सांगून उपयोग नाही. न्यूयॉर्कचा पर्याय तिघांसाठी तपासला तर जाता-येताची बस किंवा रेल्वे, विमानतळापर्यंतचे भाडे आणि परतीच्या रात्री पेंगुळलेल्या मुलाला घेऊन आणखी चार-पाच तासांचा रस्ता, एवढे सगळे फरकातून वजा करावे लागेल. माणशी दीडशे डॉलरांपेक्षा कमी फरक असेल तर मी बॉस्टन सोडणार नाही. रेक्याविकला स्टॉपओव्हर मोफत असतो तो विमानात. हॉटेल आणि जेवण तिथे इतके महाग आहे की लिस्बनमध्ये वाचवलेले पैसे दोन रात्रींत संपतात. थांबण्याचाच विचार असेल तर टॅप या पोर्तुगीज विमान कंपनीचा पर्याय पाहा, ते युरोपात पुढे जाणाऱ्या प्रवाशाला पोर्तुगालमध्ये दहा दिवसांपर्यंत थांबू देतात. उद्या तुमचा बेत माद्रिद किंवा रोमपर्यंत वाढला तर तिकीट तसे काढता येईल.

दोन वेगळी तिकिटे जोडून प्रवास करण्याचा सल्लाही कोणी देईल, म्हणून आधीच सांगतो. बॉस्टन ते लंडन एक तिकीट आणि लंडन ते लिस्बन दुसऱ्या स्वस्त कंपनीचे, असे केले तर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो, भारतीय पासपोर्टवर त्यासाठी ब्रिटिश व्हिसा लागू शकतो, आणि पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीची कोणतीही जबाबदारी नसते.

आणखी एक गोष्ट, जी तिकीट घेताना कोणी पाहत नाही. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार ३५०० किलोमीटरांहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषामुळे विमान चार तास किंवा त्याहून उशिरा पोहोचले तर माणशी ६०० युरो भरपाई मिळते, तीन ते चार तासांच्या उशिराला ती निम्मी होऊ शकते. लिस्बनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. बॉस्टनहून जाताना मात्र तो फक्त युरोपीय कंपनी स्वतः विमान चालवत असेल तरच लागू होतो. तिकिटावर युरोपीय कंपनीचा क्रमांक असून विमान अमेरिकी कंपनीचे असेल तर लागू होत नाही. तिकिटावर बारीक अक्षरांत विमान प्रत्यक्ष कोण चालवणार ते लिहिलेले असते. दोन तिकिटांचा भाव सारखाच असेल तर मी ही ओळ वाचून निवड करतो.

पाऊलवाट
सासू-सासऱ्यांचा प्रश्न मागे राहिला. त्यांनी आधी बॉस्टनला यावे आणि तिथून तुमच्याबरोबर लिस्बनला जावे, हा मार्ग अवघड आहे. शेंगेनचा अर्ज सामान्यतः आपण जिथे कायदेशीररीत्या राहतो त्या देशात करायचा असतो. पर्यटक म्हणून अमेरिकेत आलेल्या व्यक्तीला तो इथेच का करावा लागतो आहे हे पटवून द्यावे लागते, आणि «मुलाकडे आलो आहोत» हे कारण वकिलातीला पटेल याची खात्री नाही. त्यापेक्षा त्यांनी पुण्यात असतानाच शेंगेन व्हिसा काढावा, मुंबईहून लिस्बनला यावे, तिथे तुम्ही भेटावे आणि सगळ्यांनी मिळून बॉस्टनला परतावे. त्यांचे मुंबई ते लिस्बन, लिस्बन ते बॉस्टन आणि बॉस्टन ते मुंबई हे तिन्ही टप्पे एकाच तिकिटावर, मल्टी-सिटी पद्धतीने पाहा. वेगवेगळी काढलेली एकेरी तिकिटे बहुतेकदा महाग पडतात. अमेरिकेचा बी-२ (पर्यटक) व्हिसा त्यांच्याकडे आधीच असेल तर त्याची प्रत अर्जाला जरूर जोडावी.

भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये एक सवलत आणली आहे. मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक वेळा प्रवेशाचा मिळू शकतो, त्यानंतरचा पाच वर्षांचा. तुमच्या सासू-सासऱ्यांनी पूर्वी युरोप पाहिला असेल तर ही सवलत त्यांना उपयोगी पडेल. तुम्ही अमेरिकेत राहता म्हणून तुम्हाला ती लागू नाही. या बाबतीत आपल्या लोकांचा नेहमी घोटाळा होतो.

केतकीपान
हे फारच उपयुक्त आहे. सासू-सासऱ्यांनी लिस्बनमध्येच भेटावे ही कल्पना घरात सर्वांना पसंत पडली आहे. सासऱ्यांचे वय ७२ असून त्यांच्या गुडघ्यांचा त्रास आहे, आणि दोघेही शाकाहारी आहेत. लिस्बनमध्ये चढ-उतार बरेच आहेत असे वाचले, तर राहण्यासाठी कोणता भाग सोयीचा पडेल?

आजोळ
लिस्बनमध्ये काही काळ नोकरीनिमित्त राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. छायाचित्रांत दिसते ती अल्फामा वस्ती पाहायला सुंदर आहे, परंतु गुडघे दुखत असतील तर तिथे मुक्काम करू नये. अरुंद गल्ल्या, पायऱ्या आणि टॅक्सी दारापर्यंत न येणे ही तिथली रोजची गोष्ट आहे. पदपथांवर चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या तुकड्यांची फरसबंदी असते, ती वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाली आहे आणि पावसाची एक सर आली की उतारावर पाय घसरतो. एप्रिलमध्ये पाऊस पडतो, तेव्हा सर्वांसाठी पकड असलेल्या तळव्यांचे बूट घ्या. उतारावर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्यांच्या भरवशावर रोजचा मार्ग आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ च्या ग्लोरियाच्या भीषण अपघातानंतर ही सेवा थांबवण्यात आली होती, त्यामुळे सध्या काय सुरू आहे ते आधी पाहावे.

राहण्यासाठी सल्दान्या किंवा आव्हेनिदास नोव्हास हा भाग पाहा. रस्ते रुंद आणि बरेचसे सपाट आहेत, भाव मध्यवर्ती बाइशापेक्षा कमी असतात, आणि विमानतळावरून निघणारी मेट्रोची लाल मार्गिका थेट सल्दान्याला येते, अर्धा तासही लागत नाही. विमानतळ शहरातच आहे, त्यामुळे टॅक्सीचाही फार खर्च येत नाही. पाच जण आणि सामान असेल तर मोठी गाडी मागवा. मेट्रो, बस आणि ट्राम यांसाठी नावेगान्ते नावाचे कागदी कार्ड ५० सेंटला मिळते, ते प्रत्येकाचे वेगळे लागते, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. २८ क्रमांकाची प्रसिद्ध पिवळी ट्राम दिवसा इतकी भरलेली असते की सासऱ्यांना बसायला जागा मिळणे कठीण, आणि खिसेकापूंचा सुळसुळाटही तिथेच. मुलाला ट्रामची हौस असेल तर सकाळी लवकर मार्तिम मोनिझच्या थांब्यावर, म्हणजे जिथून ती सुटते तिथेच, चढा.

हॉटेलच्या दरात न दाखवलेला एक खर्च धरून ठेवा. शहराचा पर्यटक कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी दर रात्री ४ युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्रींसाठी. १३ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. चार मोठी माणसे आणि सात रात्री म्हणजे ११२ युरो झाले.

शाकाहाराचे म्हणाल तर पूर्वीपेक्षा परिस्थिती बरीच सुधारली आहे, तरी कोबीवर्गीय पाल्याचे काल्दो व्हेर्दे हे सूप शाकाहारी समजून मागवू नका, त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते. साधे भाज्यांचे सूप, म्हणजे सोपा दे लेगुमेश, जवळजवळ सगळीकडे मिळते, पण तेही विचारूनच घ्यावे. प्रसिद्ध पास्तेल दे नातामध्ये अंडे असते. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय, बांगलादेशी आणि नेपाळी दुकाने आहेत, तिथे डाळ, तांदूळ, पीठ सारे मिळते; स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर पाच माणसांचा जेवणाचा खर्च बराच खाली येईल.

जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद असतो. मठाला तिकीट आहे, परंतु शेजारच्या चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य असून वास्को द गामाची कबर तिथेच आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला आणि त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला आणले गेले. शाळेत चिमाजी अप्पांची १७३९ ची वसईची मोहीम शिकलेल्या सासऱ्यांना तिथे उभे राहून बोलायला बराच विषय मिळेल. मुलासाठी ओरिएन्ते स्थानकाजवळचे मत्स्यालय ठेवा. ते १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधले गेले, संपूर्ण परिसर सपाट आहे आणि तेही मेट्रोच्या त्याच लाल मार्गिकेवर येते. सिंत्राला रोसियो स्थानकातून लोकल जाते, चाळीस मिनिटे लागतात. तिथल्या पेना राजवाड्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. पोर्तुगालच्या रेल्वेत ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्मे भाडे पडते, परदेशी पासपोर्ट दाखवला तरी चालतो; सासऱ्यांचे तिकीट त्याप्रमाणे काढा.

उत्तरवारा
मुलाच्या बाबतीत एक भर घालतो. युरोपच्या सीमेवर आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी ईईएस या संगणकीय प्रवेश-निर्गम प्रणालीत नोंद होते. १२ वर्षांखालील मुलांचे फक्त छायाचित्र घेतात, बोटांचे ठसे घेत नाहीत. तुमचे ठसे व्हिसाच्या वेळी घेतलेले असतील. रांग लांब असू शकते, विशेषतः सकाळी, जेव्हा अमेरिकेहून रात्री निघालेली विमाने एकापाठोपाठ एक उतरतात. म्हणून त्या सकाळसाठी कोणतेही वेळेचे तिकीट काढून ठेवू नका आणि हॉटेलला सामान आधी ठेवून घेण्याबद्दल लिहून विचारा.

केतकीपान
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री व्हीएफएसची जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील अपॉइंटमेंट मिळाली. आमच्याकडे दोघांचे होऊन पॉइंट्स बऱ्यापैकी आहेत, त्यातून आम्हा दोघांची तिकिटे काढून ठेवतो आणि मुलाचे रोख पैशांनी, बदलता येणाऱ्या श्रेणीत घेतो. एकच शंका उरते: मुलाचे तिकीट वेगळ्या बुकिंगमध्ये असल्यामुळे आसने आणि विमानातील बदल यांत अडचण येईल का?

हिशेबनीस
येऊ शकते, पण ती टाळता येते. तिकिटे काढून झाल्यावर त्याच दिवशी कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंगचे क्रमांक एकमेकांशी जोडून घ्या आणि मुलाच्या बुकिंगमध्ये «आई-वडील अमुक क्रमांकावर आहेत» अशी नोंद करायला सांगा. तरीही या दोन बुकिंगचे व्यवहार वेगळेच राहतात, म्हणजे विमान रद्द होऊन तुम्हाला दुसऱ्या विमानात हलवले तर मुलाला आपोआप हलवतीलच असे नाही. तसा संदेश आला की लगेच दोन्ही क्रमांक तपासा. दुसरा उपाय असा की एकाचेच पॉइंट्स वापरून एक मोठा आणि मुलगा असे एका बुकिंगमध्ये ठेवावे, आणि उरलेल्या मोठ्याचे तिकीट रोख घ्यावे. मी तुमच्या जागी असतो तर हाच पर्याय निवडला असता, पण पॉइंट्सचा भाव मुलासाठीही मोठ्यांइतकाच पडतो हे लक्षात घेऊन कोणत्या तिकिटाचा रोख भाव कमी पडतो ते आज दोन्ही बाजूंनी पाहा, कारण पॉइंट्सच्या जागा रोखीच्या जागांपेक्षा लवकर संपतात.